टपावरच्या होड्या

गाडी घेताना माणूस इंजिनाबद्दल विचारतो, पण बघत असतो रेलिंगकडे. माझ्या गाडीच्या टपावर डाव्या-उजव्या बाजूंना दोन चंदेरी दांड्या आहेत. कंपनीतूनच बसवून आलेल्या. त्या नसलेलं स्वस्त मॉडेलही होतं, पण शोरूममधल्या मुलाने त्याचा विषय काढताना आवाज इतका खाली आणला, की ते मॉडेल घेणाऱ्यांच्या घरी नुकतंच काहीतरी वाईट घडलं असावं असं मला वाटलं.

"रेलिंगने गाडीला लूक येतो, सर."

"त्याच्यावर सामान बांधता येतं ना?"

"सर, एसयूव्ही आहे ही!"

हे उत्तर नव्हतं, हे बायकोच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. मी मात्र दोन पावलं मागे सरकून, डोळे बारीक करून लूक बघत होतो. पुढे त्या दांड्यांचा उपयोग एकच झाला. त्यांच्यावर कावळे बसले.

टपाचाही एक जमाना होता. लाल एसटीच्या मागे लोखंडी शिडी असायची आणि टपावर कठडा. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज चढणाऱ्या गाडीच्या डोक्यावर सायकली, कोंबड्यांच्या डाली, वळकट्या, नव्या नवरीचं कपाट, असा एक अख्खा संसार वेगळा प्रवास करायचा. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा, हमाल वर चढून दोरीचा एक फास टाकायचा आणि खाली उतरून विडी पेटवायचा. म्हशाच्या जत्रेहून परतणाऱ्या जीपच्या टपावर तर घोंगड्या असायच्या आणि त्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर माणसं बसवलेली असायची. माणसं उडू नयेत म्हणून काय केलेलं असायचं, हे विचारण्याची पद्धत नव्हती. त्या टपांना लूक मात्र अजिबात नव्हता.

माझ्या मेव्हण्याला दर उन्हाळ्यात काहीतरी होतं. एका वर्षी ड्रोन झाला. तो शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत आहे. एका वर्षी तंबू झाला. तो अजून उघडाच आहे, कारण घडी घालून पिशवीत परत जात नाही. यंदा तो कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करायला गेला, तिथे त्याने कयाक पाहिली आणि परत येताना कुणाकडून तरी जुन्या दोन कयाक विकत घेतल्या.

"एक पुरली नसती का रे?" मी विचारलं.

"एकट्याने कंटाळा येतो, भावोजी."

"मग दुसरी कोण चालवणार?"

यावर तो माझ्याकडे बघून नुसता हसला.

ज्यांनी कयाक पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही एका माणसाची, अंगासरशी, निमुळती होडी. ग्रीनलंडकडचे इन्युइट लोक सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवत आणि शिकारीला निघताना स्वतःच उचलून पाण्यापर्यंत नेत. त्यांच्याकडे एसयूव्ही नसल्यामुळे पुढचे प्रश्न आले नाहीत. मेव्हण्याच्या होड्या जाड प्लॅस्टिकच्या होत्या. लांबी दहा फूट, वजन एकेकीचं वीस-बावीस किलो. एक पोपटी, दुसरी भगवी. पाणी कुठलं, तर तानसाच्या बाजूला त्याच्या एका मित्राने जागा घेऊन शेततळं खणलं होतं. वाहन कुठलं, हा प्रश्न चर्चेला आलाच नाही. गाडी माझी होती, त्यामुळे मत माझं सोडून सगळ्यांचं घेण्यात आलं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात होड्या आणल्या तेव्हा तिथे चार माणसं होती. पहिली होडी टपावर चढेपर्यंत पंधरा झाली. आपल्याकडे एखाद्याच्या घरात मुलगी बघायला आलेले लोक दिसले तरी शेजारी पडदा ओढून घेतात, पण टपावर सामान चढताना दिसलं की ते सार्वजनिक कार्य होतं. जो तो येऊन होडी धरून हलवायचा. हलली तर म्हणायचा, "हलतेय." नाही हलली तर आणखी जोरात हलवायचा.

दुसऱ्या मजल्यावरचे काका निवृत्त इंजिनिअर. त्यांनी खाली येऊन पहिला प्रश्न विचारला, "गाडीचं पुस्तक वाचलंय का?" ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, कव्हरच्या प्लॅस्टिकसकट, गाडीच्या पूजेचं कुंकू अंगावर घेऊन पडलेलं होतं. काकांनी ते चष्मा वर करून वाचायला घेतलं. घड्याळ कसं लावावं आणि मुलांसाठीचं कुलूप कसं लावावं यांच्या मधोमध तो परिच्छेद निघाला. टपावरची रेलिंग शोभेसाठी आहे, तिच्यावर भार टाकू नये.

आवारात शांतता पसरली. दोन क्षण.

"हे सगळं कंपनीला लिहावंच लागतं," मेव्हणा म्हणाला. "उद्या केस होऊ नये म्हणून."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वॉचमननेही. काकांनी मात्र पुस्तक मिटलं नाही. ज्या गाड्यांना टपावर ओझं चालतं, त्यांचीही मर्यादा बहुधा पन्नास ते पंचाहत्तर किलोच असते, त्यात आडव्या दांड्यांचं वजनही धरायचं असतं, हे त्यांनी सांगितलं. "गाडी उभी असताना टप माणूसही पेलेल," ते म्हणाले. "पण ब्रेक दाबला की ओझ्याला पुढे जायचं असतं. वळणावर बाहेर जायचं असतं. आणि वेग वाढला की वारा नाकाखाली शिरून वर उचलतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट."

"म्हणजे हळू चालवायची," मेव्हण्याने सार काढलं.

मग त्याने ऑनलाइन मागवलेल्या दोन आडव्या दांड्या आल्या. रेलिंग असते उभी, होडी बसते आडव्या दांड्यांवर, त्यामुळे उभीवर आडवी कसावी लागते. आडवीखाली बायकोची योगासनांची चटई फाडून घातली. होड्या पालथ्या केल्या. एवढं सगळं मेव्हण्याने एका व्हिडिओत बघून बरोबर केलं होतं. त्या व्हिडिओतला गोरा माणूस म्हणत होता, पट्टा हाताने ओढून घट्ट झाला की थांबा, जास्त आवळलात तर प्लॅस्टिकला खळगा पडतो. पण आपल्याकडे 'पुरे' हे दोरी तुटल्यावरच कळतं. त्यातून मेव्हण्याने आणलेला पट्टा टकटक आवाज करत आवळत जाणारा. त्या आवाजात अशी काही झिंग आहे की पंधराही माणसांना एकेकदा टकटक करून बघायचं होतं. पोपटी होडीच्या पाठीला बघता बघता कंबर आली.

होडीचं नाक आणि शेपूट बंपरखालच्या हुकाला वेगळ्या दोरीने बांधायचं असतं. गोऱ्या माणसाने हे तीनदा बजावलं होतं. पण तो हुक बंपरमधल्या झाकणाआड असतो आणि ते झाकण स्क्रू ड्रायव्हरने उचकटावं लागतं. रंगाला ओरखडा येईल, या विचाराने पंधरापैकी कुणाचाही हात पुढे होईना. गाडी उलटली असती तरी एकवेळ चाललं असतं.

"लाल फडकं?" काकांनी आठवण केली. "कलम १९४, एक-अ. २०१९ची दुरुस्ती. माल मापाबाहेर आला तर वीस हजार."

"पण काका, गाडी तेरा फुटांची आहे. होडी दहा फुटांची. बाहेर येतच नाहीये."

"येत नाहीये हे रस्त्यात सिद्ध कोण करणार?"

"आणि फडकं बांधलं, तर बाहेर आलीय असं आपणच कबूल केल्यासारखं नाही का होणार?"

काका विचारात पडले. "मग छोटं बांधा," ते म्हणाले.

घरात लाल फडकं नव्हतं. लाल ब्लाउजपीस होता. प्रत्येक मराठी घरात असतो. ओटीत येतो आणि कुणाच्या तरी ओटीत जाईपर्यंत कपाटात राहतो. त्याच्यावर शिवण कधीच पडत नाही. तो दोन्ही होड्यांच्या नाकांना मिळून बांधला. शेवटी उन्हाने प्लॅस्टिक मऊ पडून होड्या वाकतील म्हणून त्यांच्यावर जुन्या चादरी गुंडाळल्या. चादरी पांढऱ्या होत्या. हे तेव्हा कुणालाच खटकलं नाही.

माजिवड्याहून नाशिक महामार्गाला लागलो. वडप्यापर्यंत रस्ता रुंद करण्याचं काम चाललेलं, त्यामुळे तिथे वेग दुप्पट होण्याची भीती नव्हती. पडघ्याकडे रस्ता मोकळा झाला, काटा साठावर गेला आणि टपावरून आवाज आला. सूंऽऽऽ. खालच्या पट्टीतला, लांबलचक, एकसुरी.

"एसी आहे," बायको म्हणाली. एसी बंद केला. सूंऽऽऽ.

"कुणाचा तरी फोन व्हायब्रेटवर आहे," मेव्हणा म्हणाला. सगळ्यांनी फोन काढून बघितले. वेग कमी केला की आवाज थांबायचा. वाढवला की पुन्हा तंबोरा सुरू. "टायर," मेव्हणा म्हणाला, आणि शेवटी, काही सुचेना तेव्हा, "सवय होईल."

टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जाईना. आतला मुलगा हातातलं यंत्र घेऊन बाहेर आला, टपाकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"दोघं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"हो, दोन," मेव्हणा म्हणाला.

"एकाच घरातले?"

"नाही, कोलाडहून आणलेत."

"अपघात?"

"छे छे. सेकंडहँड."

तो मुलगा बघतच राहिला. तेवढ्यात टॅग वाचला गेला, दांडा वर झाला आणि मागच्या ट्रकने हॉर्न दिला. त्या मुलाने पुढे कुणाला काय सांगितलं असेल, याचा विचार मी अजूनही टाळतो.

वाशिंदच्या अलीकडे वेगळंच. रामनवमी जवळ आलेली, आणि या दिवसांत मुंबईकडून शिर्डीला चालत निघालेल्या साईंच्या पालख्या याच रस्त्याने जातात. भगवे झेंडे, टेम्पोवर स्पीकर, पाय सुजलेली पण चेहऱ्याने ताजी माणसं. गर्दीमुळे आमची गाडी पायी चालण्याच्या वेगावर आली. पुढून बघणाऱ्याला पांढऱ्याशुभ्र वस्त्रात गुंडाळलेलं काहीतरी उंचावर विराजमान, त्याला लाल खण बांधलेला, आणि आत गंभीर चेहरे दिसत होते. गंभीर, कारण आम्ही आवाजाचा विचार करत होतो. एका बाईंनी पदर घेऊन नमस्कार केला. मग त्यांच्या मागच्या रांगेने केला. कुणीतरी बॉनेटवर झेंडूचं फूल ठेवलं. खिडकीतून केळी आली.

"सांगू का यांना?" मी कुजबुजलो.

"गप्प बसा. केळी घ्या," बायको म्हणाली. मेव्हण्याने तोवर हात जोडले होते.

आसनगाव आलं, डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसायला लागले, आणि टपावर फट् असा आवाज होऊन काहीतरी उडून मागे गेलं. गाडी बाजूला घेतली. उडालेलं ते रेलिंगचं टोक होतं. चंदेरी रंगाचं प्लॅस्टिक. त्याच्या आत काय आहे हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. आत दोन स्क्रू होते. घड्याळात शोभतील एवढे. रेलिंग टपापासून बोटभर उचलली गेली होती आणि चाळीस-पंचेचाळीस किलो प्लॅस्टिक शहापूर तालुक्यात त्या दोन स्क्रूंच्या भरवशावर शिरलं होतं.

पुढे जाऊन एक रिकामा टेम्पो थांबला. त्याच्या फाळक्याला पावलीच्या काड्या चिकटल्या होत्या. भात झोडून झालं की या भागातली पावली आणि गवत मुंबई-भिवंडीकडच्या तबेल्यांना जातं. टेम्पोच्या टपापेक्षा दीड माणूस उंच आणि दोन्ही बाजूंना पोट सुटलेला तो डोंगर रात्रीचा समोर आला की दचकायला होतं, पण त्यातली काडी सांडलेली मी बघितली नाही. ड्रायव्हर खाली उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली, रेलिंगला एका बोटाने वर ढकललं. ती वर गेली.

"शेठ," तो म्हणाला, "टॉवेल टांगायच्या दांडीला म्हस बांधलीव तुम्ही."

मेव्हण्याने त्याला आडव्या दांड्यांची किंमत सांगितली. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही.

"आणि पट्ट्याला पीळ का नाय दिला? बोंबलत आला असेल."

"तो आवाज पट्ट्याचा होता?"

"मंग कोनाचा? सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो. एक पीळ द्यायचा, मंग गप बसतो." एवढं बोलून त्याने चादर उचलून आत बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट सुटकेचा भाव आला. त्यालाही टोलनाक्यावरच्या मुलासारखंच काहीतरी वाटलं होतं, फक्त त्याने विचारलं नव्हतं. "उतरवा," तो म्हणाला. "मी अघईकडंच चाललोय, रिकामा."

पंधरा माणसांनी तासभर खपून जे बांधलं होतं ते सुटायला बराच वेळ लागला. बांधायला त्याला जेमतेम दोन मिनिटं लागली. होड्या हौद्यात आडव्या टाकल्या, खाली गोणपाट, वर मातकट नायलॉनची दोरी. तिला मध्ये एक फास घातला, टोक हुकातून काढून फासातून ओवलं, पाय फाळक्याला लावून एकदा ओढलं. होड्या तिथे जन्मल्यासारख्या बसल्या. मेव्हणा मोबाइलवर चित्रण करत होता.

"या गाठीला काय म्हणतात?"

"गाठ," ड्रायव्हर म्हणाला.

तिथून पुढे टेम्पो पुढे आणि आम्ही मागे. माझ्या गाडीला एकीकडून उचकटलेली रेलिंग आणि वर दोन रिकाम्या आडव्या दांड्या. खरं सांगायचं तर लूक वाढला होता.

आटगावला डावीकडे वळून तानसाकडे लागलो. हे धरण १८९२चं. दगडी भिंत, भोवती अभयारण्याचं जंगल, आणि तेव्हापासून इथलं पाणी नळातून मुंबईला जातंय. एवढं ओझं एवढ्या लांब रोज नेतात आणि त्याला ना पट्टा, ना लाल फडकं. मेव्हण्याला तलाव दिसताच राहवेना. मुंबईकरांच्या पिण्याचं पाणी, त्यात उतरायला बंदी, हे मी त्याला ठाण्यातच सांगितलं होतं. "पाच मिनिटं फक्त, भावोजी. टेस्टिंग." चहाच्या टपरीवर एक म्हातारे बाबा बसले होते. टपरीपलीकडे रिकाम्या हंड्यांची रांग होती, टँकरच्या वाटेकडे तोंड करून.

"होड्या हायत का या?" बाबांनी विचारलं.

"हो, बाबा."

"कुठून आनल्या?"

"ठाण्याहून."

बाबांनी हौद्यातल्या होड्यांकडे बघितलं, मग तलावाच्या दिशेला. "पानी तिकडं न्हेलंनीत," ते म्हणाले, "आता होड्या इकडं आनता." मेव्हण्याने टेस्टिंगचा विषय पुन्हा काढला नाही.

मित्राचं शेततळं मात्र खरोखर देखणं होतं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, आत काळा प्लॅस्टिकचा कागद, काठोकाठ पाणी. मेव्हण्याने लाइफ जॅकेट चढवलं, हेल्मेट घातलं, पोपटी होडीत बसला आणि आम्ही ढकलल्यावर प्लॅस्टिकच्या उतारावरून झपकन पाण्यात गेला. टाळ्या झाल्या. त्याने वल्हं मारलं, दुसरं मारलं, सात-आठ झाली आणि समोरचा काठ आला. वळला, परत आला. पुन्हा गेला. चौथ्या फेरीनंतर त्याच्या वल्ह्यात कचेरीत जाणाऱ्या माणसाचा सूर यायला लागला.

"दुसरी उतरवू का?" त्याने पाण्यातून विचारलं. "भावोजी, या!"

"आधी तू बाहेर ये."

इथे एक गोष्ट उघडकीला आली. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा काठ ओला झाला की त्याच्यावर पाय ठरत नाही. होडी काठाला टेकवून मेव्हणा उठायचा, एक पाय टाकायचा आणि बसल्या जागी परत पाण्यात यायचा. असं वरचेवर झालं. शेवटी होडी एकटीच तळ्याच्या मध्यावर निघून गेली आणि तो लाइफ जॅकेटमध्ये तरंगत काठाशी राहिला.

"चढता येत नाही त्याच्यावरून," मित्राने शांतपणे माहिती दिली. "म्हणून आम्ही कधी उतरत नाही. दोरी आणि ट्यूब बांधून ठेवायला सांगितलंय गड्याला. आणतो म्हणालाय."

आमच्याकडे टकटक करणारे परदेशी पट्टे होते. प्रत्येकी सहा फूट. टेम्पोवाला गोणपाटाची घडी घालत होता. त्याने आमच्याकडे बघितलं, तळ्याकडे बघितलं, सीटमागून ती मातकट दोरी काढली, एका टोकाला फास घालून मेव्हण्याकडे टाकला आणि दुसरं टोक टेम्पोच्या हुकाला अडकवून पाय रोवला. मेव्हणा उतारावरून, हेल्मेटसकट, पोटावर घसरत वर आला. तीच गाठ होती. या वेळी चित्रण बायकोने केलं.

मी पाकीट काढलं. "किती झाले?"

"होड्यांचं पाचशे द्या," ड्रायव्हर दोरी गुंडाळत म्हणाला. "मानसाचं काय आपलं ठरलं नव्हतं."